कंपायलरची व्हर्जन्स जुळत नाहीत तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काल संध्याकाळपर्यंत बिल्ड नीट होत होतं. आज सकाळी पन्नास ओळींची एरर आली, आणि कोडला तर कुणी हातही लावलेला नाही. अशा वेळी बहुतेक जण एररमध्ये ज्या फाइलचं नाव दिसतं ती उघडून बसतात. मीही बरीच वर्षं तेच केलं. आता आधी एकच प्रश्न विचारतो: यातला कोणता तुकडा कोणत्या कंपायलरने बांधलाय? खालची बरीचशी उत्तरं याच प्रश्नाभोवती फिरतात.

एक सूचना: आज्ञा आणि पर्याय इथे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच त्यांच्या मूळ रोमन स्पेलिंगमध्ये करायचे.

भानगड व्हर्जनचीच आहे हे ओळखायचं कसं? एररमध्ये कंपायलरचं नावही नसतं.

काही एरर मात्र सरळ नाव घेतात. जावा म्हणते ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’. जीफोर्ट्रान (फोर्ट्रान भाषेचा कंपायलर) सांगतो की ही मॉड्यूल फाइल वेगळ्या व्हर्जनने बनवलेली आहे. एनव्हीसीसी (एनव्हिडियाच्या जीपीयूंसाठीचा, म्हणजे कुडाचा कंपायलर) तर ‘अनसपोर्टेड जीएनयू व्हर्जन’ असं उद्गारचिन्हासकट ओरडतो. यांचं सोपं आहे.

अवघड जातात ते बाकीचे. लायब्ररी जागेवर आहे, त्यात फंक्शनही आहे, तरी लिंकर (बांधलेले तुकडे एकत्र जोडणारा प्रोग्राम) ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणतो, हे एक लक्षण. बिल्ड होतं, पण दुसऱ्या मशीनवर प्रोग्राम सुरू होतानाच ‘व्हर्जन नॉट फाउंड’ म्हणून पडतो, हे दुसरं. तिसरं सगळ्यात वाईट: सगळं बांधलं जातं, सगळं सुरू होतं, आणि कधीतरी भलत्याच ठिकाणी क्रॅश होतं. त्या क्रॅशच्या मागे लागून लोक आठवडाभर मेमरी डिबग करत बसतात.

माझ्या मशीनवर कंपायलर एकच आहे. मग न जुळायला दुसरा आला कुठून?

एकच आहे असं वाटतं. लिनक्सवर ‘टाइप -ए जीसीसी’ ही आज्ञा देऊन बघा, पाथमधले (शेल आज्ञा शोधतो त्या फोल्डरांमधले) सगळे जीसीसी, म्हणजे लिनक्सचे नेहमीचे कंपायलर, क्रमाने दिसतील. एक डिस्ट्रोचा (उबंटूसारख्या तुमच्या लिनक्सबरोबर आलेला), एक कुणीतरी कधीतरी सोर्समधून बांधून ‘यूएसआर-लोकल’मध्ये टाकलेला, एक कॉन्डा या पॅकेज मॅनेजरच्या एन्व्हायर्नमेंटमधला. जावाचं तर विचारूच नका. आयडीईचा (कोड लिहायच्या ॲपचा) स्वतःचा जेडीके (जावाचा कंपायलर आणि सोबतची साधनं), सिस्टिमचा वेगळा, आणि ‘जावा_होम’ तिसरीकडेच बोट दाखवतं. मॅकवर ‘जीसीसी’ असं टाइप केलं तरी चालतो तो क्लँग हा दुसराच कंपायलर. शिवाय ॲपलच्या क्लँगचे व्हर्जन नंबर क्लँगच्या मूळ प्रकल्पाच्या, म्हणजे एलएलव्हीएमच्या, नंबरांशी जुळत नाहीत, त्यामुळे त्या दोन आकड्यांची तुलना करून निष्कर्ष काढू नका.

आणखी एक जागा सहज नजरेतून सुटते. सी आणि सी++ साठी दोन वेगळ्या आज्ञा असतात. ‘जीसीसी’ची लिंक नव्या व्हर्जनकडे वळवली आणि ‘जी++’ची राहून गेली, की अर्धं कोड एकाने बांधलं जातं आणि अर्धं दुसऱ्याने. उबंटू किंवा डेबियनवर ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ वापरत असाल तर जी++ ला जीसीसीच्या हाताखाली ‘स्लेव्ह’ म्हणून जोडा, म्हणजे दोघं एकदमच बदलतील.

नवा कंपायलर टाकूनही शेल जुनाच चालवत असेल तर ‘हॅश -आर’ द्या. बॅश एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतो, आणि तेच कधीकधी नडतं.

टर्मिनलमध्ये नवं व्हर्जन दिसतं, पण बिल्ड जुनंच वापरतं. असं का?

सीमेक (बिल्डची आखणी करून देणारं साधन) असेल तर कारण जवळजवळ नेहमी कॅशच असतं. सीमेक पहिल्यांदा कॉन्फिगर करताना कंपायलर शोधतो, त्याचा पूर्ण पत्ता बिल्ड फोल्डरमध्ये नोंदवून ठेवतो आणि पुढे तोच वापरतो. ‘सीसी’ (सी कंपायलर) आणि ‘सीएक्सएक्स’ (सी++ कंपायलर) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल फक्त त्या पहिल्या वेळी वाचले जातात. नंतर कितीही एक्सपोर्ट करा, सीमेक ढुंकूनही बघत नाही.

यात माझा स्वतःचा अर्धा दिवस गेलाय. नवा जीसीसी टाकला, सीएक्सएक्स बदलला, ‘मेक क्लीन’ केलं, पुन्हा बांधलं. एरर तीच. पुन्हा क्लीन, एरर तीच. शेवटी ‘मेक व्हर्बोज=१’ देऊन खरी चालणारी ओळ छापली, तर ओळीच्या सुरुवातीलाच जुन्या कंपायलरचा पत्ता बसलेला. ‘मेक क्लीन’ ऑब्जेक्ट फाइली पुसतं, सीमेकची कॅश नाही. तेव्हापासून कंपायलर बदलला की मी बिल्ड फोल्डर सरळ उडवतो. सीमेक ३.२४ पासून ‘--फ्रेश’ हा पर्याय आलाय, तो जुनी कॅश टाकून नव्याने कॉन्फिगर करतो. चालू फोल्डरमध्येच ‘सीमेक_सीएक्सएक्स_कंपायलर’ बदलायला गेलात तर सीमेक कॅश स्वतःच पुसून पुन्हा सुरुवात करतो, पण तुम्ही दिलेले बाकीचे पर्यायही त्यात वाहून जाऊ शकतात. तसा इशारा तो देतो. वाचतं कोण?

साध्या मेकफाइलमध्ये कारण वेगळं असतं. फाइलमध्येच ‘सीसी = जीसीसी’ असं लिहिलेलं असेल तर ते एन्व्हायर्नमेंटवर मात करतं. तेव्हा एक्सपोर्ट न करता ‘मेक’च्या त्याच ओळीत ‘सीसी=’ द्या, ते मेकफाइललाही भारी पडतं. आणि ‘सुडो मेक’ करत असाल तर सुडोचा पाथ बहुधा तुमच्या पाथपेक्षा वेगळा असतो, हे विसरू नका.

आधीच बांधलेली फाइल कोणत्या कंपायलरने बनवली, हे तिच्यावरून कळतं का?

बहुतेकदा कळतं, आणि ही सवय लावून घेण्यासारखी आहे. लिनक्सवर बांधलेल्या फाइली ज्या रूपात असतात त्या ईएलएफ फाइलमध्ये ‘.कॉमेंट’ नावाचा विभाग असतो. ‘रीडएल्फ -पी .कॉमेंट’ आणि पुढे फाइलचं नाव दिलं, की जीसीसी किंवा क्लँगचं व्हर्जन छापून येतं. तयार एक्झिक्युटेबलमध्ये दोन-तीन व्हर्जन्स दिसली तर लगेच दचकू नका. प्रोग्राम सुरू करणाऱ्या छोट्या ऑब्जेक्ट फाइली डिस्ट्रोने आधीच बांधून दिलेल्या असतात, त्यांचीही नोंद त्यात येते. शंका असलेली ‘.ओ’ फाइल किंवा स्टॅटिक लायब्ररी सुटी तपासा, तिथे उत्तर स्वच्छ मिळतं. कुणी तो विभाग मुद्दाम काढून टाकला असेल तर मात्र ही वाट बंद.

जावाच्या क्लास फाइलसाठी ‘जावापी -व्ही’ चालवा आणि ‘मेजर व्हर्जन’चा आकडा बघा.

लिंकर ‘बेसिक_स्ट्रिंग’बद्दल अनडिफाइन्ड रेफरन्स म्हणतो. लायब्ररी तर दिलेली आहे.

एररमध्ये ‘__सीएक्सएक्स११’ किंवा चौकटी कंसात ‘एबीआय:सीएक्सएक्स११’ दिसतंय का? मग हा २०१५ सालचा वारसा आहे. (एबीआय म्हणजे बांधलेले तुकडे एकमेकांशी ज्या नियमांनी जुळतात ते.)

सी++११ च्या नियमांनी दोन जुन्या सोयी मोडीत काढल्या. तोपर्यंत जीसीसीच्या स्टँडर्ड लायब्ररीतली स्ट्रिंग कॉपी करताना आतला मजकूर दोघांत वाटून घेत असे आणि बदल झाला तरच खरी प्रत काढत असे. नव्या नियमांत ते बसेना. लिस्टलाही आपली लांबी मोजत न बसता तत्काळ सांगणं सक्तीचं झालं. म्हणून २०१५ च्या एप्रिलमध्ये आलेल्या जीसीसी ५.१ ने स्ट्रिंग आणि लिस्टची नवी रचना आणली. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून लायब्ररीत जुनी रचनाही ठेवली, आणि नवीला वेगळं नाव दिलं. ते नाव म्हणजेच एररमधलं ‘__सीएक्सएक्स११’. तुमचं कोड नव्या नावाने फंक्शन मागतंय, लायब्ररीकडे ते जुन्या नावाने आहे. दोघांचंही बरोबर, पण गाठ पडत नाही.

यावरचं बटण म्हणजे ‘_जीलिबसीएक्सएक्स_यूज_सीएक्सएक्स११_एबीआय’ हा मॅक्रो. शून्य दिला की जुनी रचना, एक दिला की नवी. तो एखाद्या फाइलच्या मध्यात डिफाइन करून भागत नाही, कंपायलरच्या ओळीतूनच आणि सगळ्या फाइलींना सारखाच द्या. शक्य असेल तर मात्र जुनी लायब्ररीच नव्याने बांधून घ्या. मॅक्रो शून्य करणं ही तात्पुरती पट्टी आहे, कारण उद्या येणारी प्रत्येक लायब्ररीही मग शून्यानेच बांधावी लागते. पायटॉर्च या मशीन लर्निंग लायब्ररीची लिनक्ससाठीची तयार पॅकेजेस कितीतरी वर्षं जुन्या रचनेवरच बांधलेली होती, त्यामुळे त्याला जोडून सी++ एक्स्टेन्शन लिहिणाऱ्या अनेकांची या मॅक्रोशी ओळख झाली ती नाइलाजाने.

रेड हॅट ७ किंवा सेंटओएस ७ वर डेवटूलसेटचा (या जुन्या सिस्टिमवर नवा कंपायलर देणाऱ्या संचाचा) नवा जीसीसी वापरत असाल तर मॅक्रो एक करूनही काही बदलत नाही. तिथे सिस्टिमची जुनीच स्टँडर्ड लायब्ररी वापरायची असते, म्हणून जुनी रचनाच कायम राहते.

म्हणजे लिंक झालं की सुटलो?

नाही! खरी मेख इथेच आहे. फंक्शनला थेट स्ट्रिंग दिली तर तिचं नाव बदललेलं असतं, म्हणून लिंकर अडवतो. पण समजा, ‘सेटिंग्ज’ नावाचा तुमचा स्ट्रक्ट आहे, त्यात एक स्ट्रिंग आणि तिच्यामागे एक पूर्णांक. फंक्शन फक्त त्या स्ट्रक्टचा पॉइंटर घेतं. फंक्शनच्या नावात स्ट्रिंगचा मागमूस नाही, त्यामुळे लिंकरला काही खटकत नाही. ६४ बिट मशीनवर जुनी स्ट्रिंग ८ बाइटची, नवी ३२ बाइटची. एका बाजूचं कोड तो पूर्णांक आठव्या बाइटवर शोधतं, दुसऱ्या बाजूने तो ठेवलाय बत्तिसाव्यावर. वाचणाऱ्याला पूर्णांकाच्या नावाखाली मिळतो स्ट्रिंगच्या पोटातला कुठलातरी आकडा. क्रॅश झालं तर नशीब समजा. न होता चुकीचा आकडा पुढे गेला तर शोधणं कठीण. असा संशय आला तर दोन्ही बाजूंनी त्या स्ट्रक्टचा ‘साइझऑफ’ छापून बघा. दोन मिनिटांत निकाल लागतो.

‘जीलिबसीएक्सएक्स_३.४.२९ नॉट फाउंड’ म्हणजे नेमकं काय हवंय त्याला?

तुमचा प्रोग्राम जीसीसी ११ किंवा त्यापुढच्या व्हर्जनने बांधलाय आणि चालवताना त्याला त्याहून जुनी स्टँडर्ड लायब्ररी मिळाली आहे. फाइलचं नाव दोन्हीकडे सारखंच असतं, शेवटी ६ असलेलं, आणि ते जीसीसी ३.४ च्या काळापासून बदललेलं नाही. म्हणून ‘लायब्ररी आहे की!’ असं वाटतं. आतल्या सिम्बॉलवरचे (फंक्शन वगैरेंच्या नावांवरचे) व्हर्जनचे शिक्के मात्र वाढत जातात: जीसीसी ९ बरोबर ३.४.२६ आला, ११ बरोबर ३.४.२९, १२ बरोबर ३.४.३०. त्या लायब्ररी फाइलवर ‘स्ट्रिंग्ज’ चालवून त्यात ‘जीलिबसीएक्सएक्स’ ग्रेप करा, तुमच्याकडे कुठवर आहेत ते कळेल.

मग ‘एलडीडी’ने बघा की प्रोग्राम नेमकी कोणती फाइल उचलतोय. बऱ्याचदा सिस्टिममधली लायब्ररी पुरेशी नवी असते, पण ‘एलडी_लायब्ररी_पाथ’मुळे किंवा कॉन्डाच्या एन्व्हायर्नमेंटमुळे दुसरी जुनी प्रत आधी हाती लागते. तसं असेल तर काही इन्स्टॉल करायची गरजच नाही, रांगेतला क्रम बदला.

सिस्टिमचीच लायब्ररी जुनी असेल तर नियम साधा आहे: जुन्यावर बांधा, नव्यावर चालवा. उलटं जमत नाही. ते शक्य नसेल तर ‘-स्टॅटिक-लिबएसटीडीसी++’ देऊन स्टँडर्ड लायब्ररी प्रोग्रामच्या पोटातच घ्या. कुठूनतरी ‘.एसओ’ फाइल डाउनलोड करून सिस्टिम फोल्डरमध्ये टाकायचा सल्ला मिळाला तर तो ऐकू नका. त्याने पॅकेज मॅनेजरसकट सगळं बसलेलं पाहिलंय.

आणि ‘जीलिबसी_२.३४’ असेल तर? तेच ना?

नाही, नावं सारखी दिसतात एवढंच. हा सी ची मूळ लायब्ररी जीलिबसी हिचा शिक्का आहे, आणि वरची स्टॅटिकची युक्ती इथे लागू पडत नाही. २०२१ मध्ये आलेल्या २.३४ मध्ये थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवा शिक्का मिळाला, म्हणून त्यावर किंवा त्यानंतरच्या डिस्ट्रोवर बांधलेले अगदी साधे प्रोग्रामही जुन्या मशीनवर हा शिक्का मागतात. उपाय जुन्या जीलिबसीवर बांधण्याचाच. पायथनच्या जगातलं ‘मेनीलिनक्स२०१४’ हेच करतं: सेंटओएस ७ वर, म्हणजे जीलिबसी २.१७ वर बांधतं, म्हणजे पुढे सगळीकडे चालतं.

कंपायलर नवा केला आणि जुनं कोड कंपाइलच होईना. कोड बिघडलं का?

कोड होतं तसंच आहे, कंपायलरने सवलती काढल्या. जीसीसी १० पासून दोन सी फाइलींत एकच ग्लोबल व्हेरिएबल ‘एक्स्टर्न’ न लावता लिहिलं तर लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणतो, पूर्वी चालून जायचं. जीसीसी ११ पासून सी++ चं डीफॉल्ट स्टँडर्ड १७ झालं, आणि फंक्शनपुढे ‘थ्रो’ व त्यात टाइपचं नाव लिहायची जुनी पद्धत एरर देऊ लागली. जीसीसी १३ मध्ये ‘यूइंट३२_टी’ सापडत नाही अशी ओरड होते, कारण एक हेडर दुसऱ्यातून आपोआप येत होता तो यायचा थांबला. ‘सीस्टडइंट’ स्वतः इन्क्लूड करा, झालं. जीसीसी १४ ने सी मध्ये जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं वॉर्निंगवरून एररवर नेलं. याचा फटका जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टनाही बसतो: त्यांची छोटी चाचणी कंपाइल होत नाही आणि स्क्रिप्ट गुपचूप ठरवते की ही सोय सिस्टिममध्ये नाहीच. अशा वेळी ‘कॉन्फिग.लॉग’ वाचावाच लागतो.

दोन गोष्टी आजच करता येतील. स्टँडर्ड डीफॉल्टवर सोडू नका, ‘-एसटीडी=’ देऊन ठरवा. आणि ‘-डब्ल्यूएरर’ तुमच्या सीआयमध्ये (आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या यंत्रणेत) ठेवा, दुसऱ्यांना द्यायच्या सोर्समध्ये नको. नवा कंपायलर नवी वॉर्निंग देणारच, आणि तेवढ्यासाठी त्यांचं बिल्ड मोडतं.

जावामध्ये ‘क्लास फाइल व्हर्जन ६१’ असं येतं. हा आकडा कुठला?

४४ वजा करा: ६१ म्हणजे जावा १७. ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६५ म्हणजे २१. कोड १७ ने बांधलंय आणि चालवणारा त्याहून जुना आहे. ग्रेडल किंवा मेव्हन (जावाची बिल्ड साधनं) कोणता जेडीके घेतात ते त्यांच्याच ‘--व्हर्जन’मध्ये दिसतं, टर्मिनलमधल्या ‘जावा -व्हर्जन’वर विसंबू नका.

याहून फसवा प्रकार पुढे आहे. जेडीके ११ ने ‘-सोर्स ८ -टार्गेट ८’ देऊन बांधलं, क्लास फाइलवर ५२ आलं, सगळे खूश. जावा ८ वर चालवलं तर बाइटबफरच्या ‘फ्लिप’वर ‘नो सच मेथड’! ‘फ्लिप’ तर जावा ८ मध्येही आहे. घडतं असं: जावा ९ मध्ये बाइटबफरने स्वतःची ‘फ्लिप’ आणली, ती बाइटबफरच परत देते. जुनी ‘फ्लिप’ वरच्या बफर क्लासची होती आणि बफर परत द्यायची. बांधताना समोर जेडीके ११ ची लायब्ररी होती, म्हणून बाइटकोडमध्ये नवी सही लिहिली गेली. ‘-टार्गेट’ फक्त क्लास फाइलचं रूप ठरवतो, समोरची लायब्ररी बदलत नाही. जेडीके ९ पासूनचा ‘--रिलीज ८’ दोन्ही करतो. जुन्या बिल्ड फाइलीत सोर्स-टार्गेटची जोडी दिसली की ती काढून रिलीज टाका.

एनव्हीसीसी म्हणतो जीसीसी फार नवा आहे. जीसीसी जुन्या व्हर्जनवर उतरवू का?

सिस्टिमचा नको. कुडाचं प्रत्येक व्हर्जन ठरावीक जीसीसीपर्यंतच साथ देतं, उदाहरणार्थ कुडा ११.० जीसीसी ९ पर्यंत. उबंटू २२.०४ चा मूळ जीसीसी ११ आहे, म्हणजे खटका उडणारच. जुना जीसीसी शेजारी टाका आणि ‘-सीसीबिन’ने, किंवा सीमेकमध्ये ‘सीमेक_कुडा_होस्ट_कंपायलर’ने, फक्त एनव्हीसीसीला तो दाखवा. ‘--अलाउ-अनसपोर्टेड-कंपायलर’ तपासणी बंद करतो, अडचण दूर करत नाही.

व्हिज्युअल स्टुडिओच्या वेगवेगळ्या व्हर्जनच्या लायब्ररी मिसळल्या तर चालतात का?

२०१५ पासूनच्या चालतात. २०१५, २०१७, २०१९, २०२२ यांची बायनरी एकमेकांशी जुळतात, अट एवढीच की लिंकर त्यांतल्या सगळ्यात नव्या टूलसेटइतका (कंपायलर-लिंकरच्या संचाइतका) तरी नवा हवा. ‘/जीएल’ (लिंक करताना सगळ्या प्रोग्रामचं ऑप्टिमायझेशन) देऊन बांधलेल्या लायब्ररींना ही सूट नाही, त्यांना टूलसेट तोच लागतो. ‘एलएनके२०३८’ आला तर त्यातलं नाव वाचा. ‘रनटाइमलायब्ररी’ किंवा ‘इटरेटर डिबग लेव्हल’ असेल तर बिचाऱ्या व्हर्जनचा दोष नाही, तुम्ही डिबग आणि रिलीज, किंवा स्टॅटिक आणि डायनॅमिक रनटाइम, मिसळलंय.

रस्ट, स्विफ्ट, गो यांत हा त्रास नाही ना?

आहे, रूप वेगळं. रस्टने स्थिर एबीआयचं वचनच दिलेलं नाही. कंपायलर बदलला की कार्गो हे रस्टचं बिल्ड साधन स्वतःच पुन्हा बांधतं, पण तयार क्रेट (रस्टची लायब्ररी) बाहेरून आणून जोडलीत तर ‘ई०५१४’ दिसेल. स्विफ्टमध्ये ५.१ पासून मॉड्यूल पुढच्या कंपायलरला वाचता येतं, पण ‘लायब्ररी इव्होल्यूशन’ चालू करून बांधलेलं असेल तरच. गो १.२१ पासून गो.मॉड फाइलीतच टूलचेन (कंपायलर आणि सोबतची साधनं) लिहिता येते, आणि गरज पडल्यास ती आपोआप उतरवली जाते. मला विचाराल तर तिघांत हीच सोय सगळ्यात समंजस.

सीकॅशमुळे जुन्या कंपायलरची ऑब्जेक्ट फाइल मिळू शकते का?

क्वचित. सीकॅश (बांधलेल्या फाइली साठवून पुन्हा वापरणारं साधन) मूळ सेटिंगमध्ये कंपायलरच्या फाइलची वेळ आणि आकार बघतो. मध्ये एखादी रॅपर स्क्रिप्ट असेल तर आतला कंपायलर बदलला तरी स्क्रिप्ट तशीच राहते, आणि सीकॅश फसतो. अशा ठिकाणी ‘कंपायलर_चेक’मध्ये व्हर्जन छापणारी आज्ञाच देऊन ठेवा. एलटीओ (लिंक करतानाचं ऑप्टिमायझेशन) वापरून बांधलेल्या स्टॅटिक लायब्ररी मात्र जीसीसीच्या दुसऱ्या मेजर व्हर्जनने वाचता येतील असं धरूच नका.

टीममध्ये प्रत्येकाचं मशीन वेगळं. हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं?

कंपायलरचं व्हर्जन रिपॉझिटरीत लिहा, वाचायच्या फाइलीत नव्हे तर यंत्र पाळेल अशा फाइलीत. रस्टला ‘रस्ट-टूलचेन.टॉमल’, ग्रेडलला टूलचेन ब्लॉक, सीमेकला प्रीसेट किंवा टूलचेन फाइल. डॉकर वापरत असाल तर ‘लेटेस्ट’ टॅग टाळा, डायजेस्टने (इमेजच्या आतल्या मजकुरावरून निघणाऱ्या ठशाने) इमेज पक्की करा. सीमेकमध्ये चार ओळींची तपासणी घाला: व्हर्जन ठरल्यापेक्षा खाली असेल तर स्वच्छ भाषेत एरर देऊन थांब. आणि सीआयच्या लॉगमध्ये पहिल्याच पायरीला कंपायलर, लिंकर आणि सीमेकची व्हर्जन्स छापा. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हा वाद त्या तीन ओळींवर मिटतो.

इतकं करूनही सुटलं नाही. मदत मागताना काय पाठवू?

पहिली एरर, शेवटची नव्हे. एकामागून एक येणाऱ्या बाकीच्या एरर बहुधा पहिलीचीच पिलावळ असते. बरोबर त्या फाइलसाठी खरी चाललेली कंपायलरची पूर्ण ओळ पाठवा. मेकऐवजी निंजा असेल तर ‘-व्ही’ने मिळते. जिच्यावर संशय आहे त्या लायब्ररीचा ‘.कॉमेंट’ विभाग आणि ‘टाइप -ए’चं आउटपुट जोडा. स्क्रीनशॉट नको, मजकूर पाठवा. सिम्बॉलचं नाव फोटोतून कुणी शोधू शकत नाही.